माझ्या नावानं दिलेला नकार

मला कॅन्सर झाला आहे ही गोष्ट घरात सगळ्यांत शेवटी मला कळली. आधी नवऱ्याला, मग त्याच्या थोरल्या भावाला, मग जाऊबाईंना, मग पत्रानं पुण्याच्या माझ्या मामाला. मला तर वाटतं, गल्लीतल्या दूधवाल्यालाही माझ्याआधी कळली असावी, कारण त्या महिन्यात तो माझ्याशी फार गोड बोलायला लागला होता. आज इतकी वर्षं झाली, गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. पण हे आठवलं की अजून कानशिलं तापतात. लोक म्हणतात, जाऊ दे, हेतू कुणाचा वाईट नव्हता. हेतू वाईट असता तर बरं झालं असतं, भांडायला सोपं गेलं असतं.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. आम्ही काशीतले मराठी. ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत राहायचो, किती पिढ्यांपासून ते माझ्या थोरल्या दिरांना विचारावं. त्यांना सगळे दादा म्हणत. दादा याज्ञिक. महाराष्ट्रातून श्राद्धाला, पिंडदानाला येणारे यजमान आमच्याच घरी उतरायचे, आणि जाऊबाई त्यांची पानं वाढायच्या. नवरा रेल्वेच्या ऑफिसात होता. मी मुलींच्या इंटर कॉलेजात गणित शिकवायचे. आमची मुलगी बाहेरगावी हॉस्टेलवर राहून शिकत होती.

दादा माझ्याशी कधी थेट बोलले नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही ही त्यांची रीत. मी समोर उभी असले तरी ते नवऱ्याकडे बघून म्हणणार, "तिला सांग, उद्या चार पानं जास्त आहेत." वीस वर्षं त्या घरात मी 'तिला' होते. कधी राग आला नव्हता, उलट गंमत वाटायची. राग आला तो त्या वर्षी.

श्रावणात माझं ऑपरेशन झालं. छातीतली गाठ काढायची म्हणून नेलं आणि डावा स्तन काढला, काखेतलंही काढलं. शुद्धीवर आले तेव्हा नवरा म्हणाला, "साधी गाठ निघाली. खबरदारी म्हणून जरा जास्त काढलंय." मी गणिताची मास्तरीण. साध्या गाठीसाठी एवढं कापत नाहीत, हे मला कळत नव्हतं असं नाही. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो छताच्या पंख्याकडे बघत राहिला, आणि तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. इतरांवर रागावते तेव्हा हेही आठवतं. मुलींना मी वर्गात सांगायचे की उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा.

जखमेखाली पाणी साठायचं. ते काढायला आठवड्यातून एकदा मोठ्या हॉस्पिटलात जावं लागे. नवरा दर वेळी बरोबर. डॉक्टरांशी तोच आत जाऊन बोलायचा आणि मी बाहेर बाकावर, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी. पण भाद्रपद वद्य प्रतिपदेला पितृपक्ष लागला, नांदेडचे यजमान सकाळच्या गाडीनं यायचे होते आणि दादांनी नवऱ्याला स्टेशनवर पाठवलं. म्हणून त्या दिवशी मी एकटी गेले. पितृपक्षाचे माझ्यावर एवढे तरी उपकार आहेत.

बाकावर शेजारी गाजीपूरकडची एक बाई होती. दोन-तीनदा आमची नजरानजर झालेली. ती माझ्याकडे सरकून म्हणाली, "बहिनजी, आपके परचा ना मिलल का? नयकी दवाई वाला? हमार त अंगूठा लाग गइल."

कुठल्याशा कागदावर तिचा अंगठाही घेऊन झाला होता. "कौनसी नयी दवाई?" मी विचारलं.

"अरे, कैंसर के," ती म्हणाली. भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज.

मी ड्रेसिंग तसंच सोडून सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरले. आत तिशीच्या आतबाहेरच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. मी नाव सांगितलं आणि विचारलं, "नई दवाई का परचा मुझे क्यों नहीं मिला?" त्यांनी फाईल शोधली, चाळली आणि त्या गोंधळल्या. "लेकिन आपके पति तो कह गए थे कि आप स्टडी में नहीं आना चाहतीं."

"मैं नहीं चाहती? मुझे तो पता ही नहीं कि मुझे हुआ क्या है."

त्यांनी नर्सला बाहेर पाठवलं, दार लावलं, आणि मला सगळं सांगितलं. छातीतली गाठ कॅन्सरची होती. काखेतही पोचला होता. आता शरीरात कुठं लपून राहिला असेल तर तो मारायला सलाइनमधून औषध द्यावं लागतं. हॉस्पिटलात एक नवं औषध तपासत होते. अर्ध्या बायकांना नेहमीचं औषध, अर्ध्यांना नेहमीच्या जोडीला नवं. कुणाला कुठलं, ते बंद पाकिटातून निघणार. डॉक्टरनं ठरवायचं नाही, पेशंटनंही नाही. मी म्हटलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. त्या म्हणाल्या, हो, अगदी तसंच, आणि हे समजवायला मला एरवी अर्धा तास लागतो.

आणि एक अट. ऑपरेशननंतर आठ आठवड्यांच्या आत पहिलं सलाइन लागलं पाहिजे. माझे अकरा दिवस उरले होते.

"आना है तो कल सुबह तक असली रिपोर्ट और स्लाइड ले आइए. दोनों आपके पति ले गए हैं."

रिक्षात बसून मैदागिनच्या चौकापर्यंत आले, पुढं गल्लीतून चालत. रडू आलं नाही. मला मरणाची भीती वाटायला हवी होती ना? ती वाटायलाही फुरसत नव्हती. डोक्यात एकच घुमत होतं, 'आप नहीं आना चाहतीं'. वीस वर्षं ज्याच्या चहात मी साधी साखरही त्याला विचारूनच घालते, तो माणूस परस्पर जाऊन माझ्या वतीनं नाही म्हणून आला होता.

नवरा जिन्यातच भेटला. यजमानांची वळकटी वर चढवून खाली येत होता.

"रिपोर्ट कुठाय?" मी विचारलं.

"कुठला रिपोर्ट?"

"कॅन्सरचा."

त्यानं आधी वर-खाली बघितलं. "कोणी सांगितलं तुला?"

"अहो, रिपोर्ट कुठाय?"

"दादांकडे," तो म्हणाला. "पोथ्यांच्या कपाटात."

आता हे काशीतल्या याज्ञिकाच्या घराशिवाय कुणाला सुचेल सांगा. दादांच्या पोथ्यांचं कपाट सोवळ्यातलं. दादा आंघोळ करून, रेशमी नेसून त्याला हात लावणार, बाकी कुणी नाही. बायकांनी तर नाहीच. बँकेच्या लॉकरला किल्ली तरी लागते, या कपाटाला कुलूपसुद्धा नव्हतं. माझं मरण-जगणं तिथं लाल खारव्याच्या कापडी बासनात बांधून ठेवलं होतं, कारण सगळ्या घरात तेवढ्या एकाच जागेला मी कधी हात लावणार नाही याची त्या दोघा भावांना खात्री होती. आणि खात्री खरी होती! मी खरोखरच कधी लावला नसता.

दादा नांदेडच्या मंडळींना घेऊन घाटावर गेले होते. मी हॉस्पिटलातून आलेली, आंघोळ न केलेली, चपला तेवढ्या काढल्या आणि कपाट उघडलं. जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. "अगं, अगं, काय करतेस," एवढंच त्यांच्या तोंडून आलं. मी एकेक बासन सोडत गेले. चौथ्यात सापडलं. रिपोर्ट, पुठ्ठ्याच्या डबीत काचेच्या दोन पट्ट्या, नव्या औषधाची माहिती देणारे हिंदीतले चार कागद, आणि मामाचं पत्र.

मामाचं पत्र नवऱ्याला होतं. लिहिलं होतं, पोरीला काही कळू देऊ नका, तिचा धीर सुटेल. तुमच्या मुलीचं लग्न व्हायचंय, बाहेर वाच्यता नको. आणि खाली, एका अर्थी ती भाग्यवान आहे, काशीतच आहे, लोक मरायला कुठून कुठून तिथं येतात. ज्या मामाच्या मांडीवर बसून मी पाढे शिकले, त्याला वाटलं, बरं झालं, हिला तिकीटही काढावं लागणार नाही. ते पत्र मी फाडलं नाही. अजून माझ्याकडे आहे.

दुपारी दादा आले. त्यांना काय झालं ते जाऊबाईंनी आधीच सांगितलं असावं. ते दारातच थांबले, उघड्या कपाटाकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, सगळी बासनं धुवावी लागतील आता. ऐन पितृपक्षात."

"धुवा," मी म्हटलं.

नवरा मधे उभा, पोस्टाच्या पेटीसारखा. मी म्हटलं, उद्या सकाळी हे कागद घेऊन मी हॉस्पिटलात जाणार, नव्या औषधात नाव घालणार. दादा म्हणाले, "तिला सांग, पितृपक्षात नवीन काही सुरू करत नाहीत. घटस्थापना होऊ दे, मग बघू."

"घटस्थापनेपर्यंत मुदत संपते."

"मग देवाच्या मनात नसेल. तिला सांग, आपण काशीत आहोत. इथं बसलेल्यानं असं घाबरू नये."

तेव्हा मात्र मी फुटले. मी म्हटलं, "दादा, वीस वर्षांत पहिल्यांदा थेट बोलते, माफ करा. नांदेडच्या यजमानांचे आजोबा मरून किती वर्षं झाली? त्यांचं जेवण तुम्ही तिथीला, वेळेवर घालता. घटका चुकू देत नाही. आणि मी जिवंत बाई, मला म्हणता थांब? मेल्यावर माझीही तिथी सांभाळाल, ठाऊक आहे मला. ती नकोय." दादा आत गेले आणि पळी-पंचपात्र खणखणवत राहिले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी तरी किती चावणार?

संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून मी ते चार कागद मोठ्यानं वाचायला लागले. जाऊबाई दूध तापवत होत्या. त्या काशीतच जन्मलेल्या, शाळेत फार गेल्या नव्हत्या, पण ऐकत होत्या. वाचता वाचता एक अट आली. पहिल्या सलाइनच्या आधी सात दिवस या आजारासाठी दुसरं कुठलंही औषध घेतलेलं नसावं, वैद्य-हकिमाचंसुद्धा. मी पुढं वाचत होते आणि माझ्या लक्षात आलं की पेला पुढं येत नाहीये. रोज संध्याकाळी त्या मला केशराचं दूध द्यायच्या, ऑपरेशननंतर अंगात ताकद यावी म्हणून. पेला त्यांच्या हातातच होता.

"हे नको पिऊस," त्या म्हणाल्या.

"का?"

"यात दवाई आहे. भस्म. वैद्यांनी दिलंय, महिना झाला. तुला कडू लागू नये म्हणून केशर टाकते." मग त्या रडायला लागल्या. "मला काय माहीत गं. आमचे हे मला बोलले, तिला सांगू नको, चुपचाप दे."

दुधात साखर म्हणतात ती ही! महिनाभर मी रोज म्हणत होते, वहिनी, तुमच्या हातचं दूध काय छान लागतं. त्यांच्यावर ओरडावं असं खूप वाटलं. ओरडले नाही, कारण त्या घरात मला खरं सांगणारी ती पहिली बाई होती. पेला मोरीत ओतला आणि बोटांवर दिवस मोजले. आजपासून बंद केलं तर सात दिवस भरतात आणि वर दोन-तीन उरतात. त्यांनी हे आणखी चार दिवस पोटात ठेवलं असतं तर सगळं संपलं होतं.

नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो काय म्हणाला असेल? "तिथं सांगू नकोस भस्माचं. कशाला उगाच. ते घेणार नाहीत तुला." म्हणजे रोगावरही एकच औषध आणि अटीवरही तेच. सांगू नकोस!

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. रिपोर्ट, काचा दिल्या आणि भस्माची पुडीही टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ती उलटीपालटी केली आणि रक्त तपासायला घेतलं. म्हणाल्या, लिवरवर परिणाम झाला असेल तर नाही घेता येणार. आणि तुम्ही लपवलं असतं आणि पुढं काही बिघडलं असतं, तर दोष आमच्या औषधाला लागला असता. मी म्हटलं, कॉपी करून पास होणाऱ्या मुलींना मी घरी पाठवते.

ते सात दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. घरात रोज पंगती, रोज कावळ्याला घास, खिरीचा वास. मी कॉलेजात जायचे, त्रिकोणमिती शिकवायचे, परत यायचे, नवऱ्याशी कामापुरतं बोलायचे. पहाटे पहाटे आता भीती वाटायला लागली होती, पण ती मी कुणाला दाखवली नाही. यांना दाखवली असती तर लगेच म्हणाले असते, बघ, म्हणूनच सांगत नव्हतो. सातव्या दिवशी रक्त ठीक आहे असा निरोप आला. उद्या सकाळी या.

उद्या म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णींचं श्राद्ध त्या दिवशी करतात, त्यांच्या नावानं जिवंत सवाष्ण जेवायला घालतात. दादा नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, निदान नवमी तरी टाळ." मी म्हटलं, "त्या यादीत जायची मला घाई नाही, म्हणूनच जाते." नवरा पायात चपला घालून माझ्यामागं आला.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. कागदावर सही घ्यायच्या आधी म्हणाल्या, "आपने जो समझा, वह अपने शब्दों में मुझे बताइए." कागदावर तसा नियमच होता. मी सांगायला लागले. मला कॅन्सर आहे. डावा स्तन काढलाय. काखेत पसरला होता. पुन्हा येऊ शकतो, आणि मी मरू शकते. नवं औषध चांगलंच आहे असं कुणालाच अजून माहीत नाही. मला वाटलं तेव्हा मी सोडून जाऊ शकते.

नवऱ्यानं माझ्या कोपराला हात लावला. "हळू बोल," तो मराठीत म्हणाला, "बाहेर ऐकू जाईल."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं, वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावं तसं. मग सही केली. साक्षीदार म्हणून त्याला करायला लावली. त्यानं ती माझ्याकडे न बघता केली. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू.

पाकीट फोडलं. नेहमीचं औषध. नवं नाही. मी वाईट वाटून घेतलं, अगदी थोडा वेळ. नाणं उडवलं की दोनांपैकी एकच बाजू पडते, आणि त्या नाण्याला मी कोणाची बायको, कोणाची भावजय, कुठं राहते याच्याशी कर्तव्य नव्हतं. तेवढा प्रामाणिकपणा त्या दोन महिन्यांत मला दुसऱ्या कुणी दाखवला नव्हता.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "मग एवढा तमाशा कशाला केलास? हे औषध तर तसंही मिळालं असतं."

नर्स पाकिटातली चिठ्ठी फाईलला लावत होती. फाईल टेबलावर उघडी होती आणि माझी नजर आधीच्या पानावर गेली. ऑपरेशननंतर दहा दिवसांची तारीख. इंग्रजीत लिहिलेलं, पेशंटला पुढचे कोणतेही उपचार नको आहेत. कोणतेही. खाली 'पेशंटच्या वतीनं' म्हणून नवऱ्याची सही. नव्या औषधापुरतं नव्हतं ते. जखम भरायची म्हणून डॉक्टर औषध द्यायचे थांबलेत असं मला वाटत होतं, आणि थांबायला तिथं काही शिल्लकच नव्हतं. मला नेहमीचंही मिळणार नव्हतं. मला फक्त दूध मिळणार होतं.

"हे काय आहे?" मी त्याला विचारलं.

त्यानं वाचलं. मग म्हणाला, "त्या औषधानं केस जातात म्हणाले. केस गेले असते तर तुला कळलं असतं."

मी आत गेले आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, हे खोडा. त्या म्हणाल्या, हॉस्पिटलच्या फाईलमधलं काही खोडता येत नाही, खाली लिहिता येतं. मी त्यांचं पेन घेतलं. त्याच्या सहीखाली हिंदीत लिहिलं, 'यह मैंने नहीं कहा था.' तारीख घातली, सही केली, आणि सलाइन लावायला डावा हात पुढं केला. त्या म्हणाल्या, डावा नको, ऑपरेशन त्या बाजूला झालंय. मग उजवा दिला.